हजेरीपट आडवा वाचा: गुणांपलीकडच्या नोंदींवरून वर्गातले निर्णय कसे घ्यावेत

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेचं कपाट उघडा, मुलांविषयीच्या माहितीला तोटा नसतो. जनरल रजिस्टर, हजेरीपट, संचयी नोंदपत्रकं, पोषण आहाराची रोजची नोंद, आरोग्य तपासणीची कार्डं, उंची-वजनाचा तक्ता, शिष्यवृत्तीच्या याद्या. शिवाय २०१५ पासून ‘सरल’ आणि आता ‘यू-डायस प्लस’ या शासनाच्या ऑनलाइन प्रणालींवर भरलेली एकेका मुलाची माहिती. ही सगळी माहिती केंद्रशाळेला, तालुक्याला, जिल्ह्याला जाते, वर्गात मात्र परत येत नाही. रात्री उशिरा नेट मिळाल्यावर ज्या बाईंनी चाळीस मुलांचे रकाने भरले, त्याच बाईंना सकाळी वर्गात त्यातल्या एकाही रकान्याचा उपयोग होत नाही.

तो कसा करून घ्यायचा, त्याची ही रीत. मुख्यतः वर्गशिक्षकांसाठी. अॅप लागत नाही. एक्सेल येत असेल तर उत्तम, नाहीतर शंभरपानी वही पुरते. मूल कुठे अडलं ते गुण सांगतात. का अडलं, हे बहुतेक वेळा दुसऱ्याच रजिस्टरात सापडतं. पण त्या रजिस्टरातून आपल्याला फक्त विचारायचा प्रश्न मिळतो, उत्तर मिळत नाही, हे धरून चाला.

१. आधी निर्णय लिहा, मग माहिती शोधा

आपल्याकडे उलट चालतं. जूनमध्ये कोणीतरी चाळीस प्रश्नांचं प्रपत्र पाठवतं: घर पक्कं की कच्चं, खोल्या किती, वडिलांचा व्यवसाय, घरात मोबाइल किती. ते भरलं जातं, फाइलला लागतं आणि तिथेच राहतं.

त्याऐवजी वहीच्या पहिल्या पानावर फक्त आपल्या हातातले निर्णय लिहा. कोणाला कुठे बसवायचं. गृहपाठ किती आणि कोणत्या वारी. गणितातला नवा भाग कोणत्या दिवशी सुरू करायचा. या महिन्यात कोणाच्या घरी जायचं. जादा तासाला कोणाला थांबवायचं आणि कोणाला थांबवणं शक्यच नाही. दवाखान्यात नेण्यासाठी कोणत्या पालकांच्या मागे लागायचं. सहलीचे पैसे कोणाकडे मागायचे नाहीत.

आता प्रत्येक निर्णयासमोर लिहा: यासाठी मला काय माहीत असायला हवं? ज्या माहितीने एकही निर्णय बदलणार नाही, ती विचारूच नका. ‘वडील दारू पितात का’ हा प्रश्न अनेक वैयक्तिक माहितीपत्रकांत आडवळणाने असतो. उत्तर ‘हो’ आलं तर आपण वर्गात काय वेगळं करणार? काहीच नसेल, तर आपण त्या मुलाला फक्त लाजवलं.

२. नोंद किती ताजी आहे ते पाहा

यात वेळ घालवू नका, पण एकदा नजर टाका. मोबाइल नंबर प्रवेशाच्या वेळचा असतो आणि निम्म्या वेळा तो काकांचा निघतो. व्यवसायाच्या रकान्यातलं ‘शेती’ अर्धवट असतं, कारण तेच कुटुंब सहा महिने मजुरीवर असू शकतं. आरोग्य कार्ड मागच्या वर्षीचं असतं. प्रत्येक नोंदीशेजारी ती केव्हाची आणि कोणी भरलेली हे पेन्सिलने लिहिलं की काम झालं. या सगळ्यात रोज ताजी होणारी आणि आपण स्वतः भरलेली नोंद एकच, ती म्हणजे हजेरी. म्हणून सुरुवात तिथून.

३. हजेरीपट आडवा वाचा

महिनाअखेरीला आपण हजेरीपट उभा वाचतो: त्या दिवशी किती हजर, महिन्याची सरासरी किती, पोषण आहाराशी आकडा जुळतो का. ते कार्यालयाचं वाचन झालं. शिक्षकाने एकेका मुलाची ओळ आडवी वाचायची.

सरासरी किती फसवते ते पाहा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरायला हवी (पहिली ते पाचवीसाठी २००). समजा वर्गात ४० मुलं आहेत आणि सरासरी हजेरी ९२ टक्के. कोणीही खूश होईल. पण उरलेले ८ टक्के म्हणजे वर्षभरात ७०४ खाडे. त्यातले ४४० खाडे आठच मुलांचे असू शकतात, म्हणजे प्रत्येकी ५५ दिवस. त्या आठ जणांनी पाव वर्ष शाळा पाहिलेली नाही, आणि तक्त्यात वर्ग मात्र झकास दिसतो.

अमेरिकेत शाळेच्या एकूण दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलाकडे वेगळं लक्ष द्यावं, असा प्रघात आहे. ही रेघ आपल्यालाही सोयीची आहे. महिन्यात २२ दिवस शाळा भरली तर तीन खाडे झालेलं मूल रेघेच्या पलीकडे जातं. फिलाडेल्फियातल्या सहावीच्या मुलांच्या नोंदींचा पुढे अनेक वर्षं माग काढून रॉबर्ट बालफान्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की शाळा सोडण्याची चिन्हं गळतीच्या कितीतरी आधी दिसतात, आणि ती हजेरी, वर्तन आणि विषयातली कामगिरी या तीन ठिकाणी दिसतात. त्यांचे आकडे त्यांच्या शहराचे आहेत, ते इथे उचलून लावू नयेत. पाहायच्या जागा मात्र त्याच.

आता प्रत्यक्ष वाचन. दोन महिन्यांची पानं शेजारी ठेवा, गैरहजेरीच्या खुणांवर लाल पेन्सिल फिरवा आणि वरचे वार पाहा. खाडे किती यापेक्षा ते कसे पडलेत हे जास्त बोलकं असतं.

समजा सातवीतल्या एका मुलीचे दोन महिन्यांत आठ खाडे आहेत आणि त्यातले सात गुरुवारचे. गुरुवारी गावाचा आठवडी बाजार. आई भाजी घेऊन बसते आणि धाकट्याला सांभाळायला घरात दुसरं कोणी नाही. चाचणीत ही मुलगी अपूर्णांकांत अडकली होती. अपूर्णांकांच्या सुरुवातीचे दोन्ही तास गुरुवारी झाले होते. आता ‘गणितात कच्ची’ या शेऱ्याला काय अर्थ राहिला? इथे दोन निर्णय शक्य आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. गणितातला नवा भाग गुरुवारी सुरू करायचा नाही, त्या दिवशी सराव ठेवायचा. आणि धाकटा तीन वर्षांचा झाला असेल तर अंगणवाडीताईंशी बोलायचं. अंगणवाडी आधी सुटत असेल तर उरलेल्या दोन तासांची सोय काय, हेही त्याच बैठकीत.

दुसरी ओळ वेगळी दिसेल. सकाळी हजर, दुपारी गैरहजर. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन मूल परतत नाही. इथे दिवस मोजून काही कळणार नाही, दुपारच्या सत्राची नोंद पाहावी लागेल. ती खरोखर दुपारी घेतली जाते की सकाळीच दोन्ही खुणा होतात, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आठवीतल्या काही मुलींच्या ओळीत दर महिन्याला दोन-तीन दिवसांचा सलग खाडा दिसू शकतो. तिथे मुलीला काहीही विचारण्याआधी शाळेचं स्वच्छतागृह पाहून या. कडी लागते का, पाणी आहे का, कचऱ्याची सोय आहे का. निर्णय शाळेविषयीच निघेल, आणि त्या मुलींच्या नावापुढे वहीत काहीही लिहायची गरज पडणार नाही.

एक पथ्य पाळा. वर्गातली निम्मी मुलं एकाच दिवशी गैरहजर असतील तर तो गावाचा दिवस असतो. यात्रा, कोकणातली भातलावणी, गणपती, विदर्भ-खानदेशातली कापूसवेचणी. असे दिवस आधी बाजूला काढा, मग मुलांच्या ओळी वाचा. नाहीतर यात्रेला गेलेली तीस मुलं तुमच्या यादीत येतील आणि बाजारवाली मुलगी त्यात हरवेल.

४. दुसरा पुरावा मिळाल्याशिवाय मत बनवू नका

एकट्या नोंदीवर निर्णय टेकवायचा नाही. हजेरीवरून शंका आली तर दुसऱ्या एखाद्या जागी तिला दुजोरा मिळतो का, ते पाहायचं.

आरोग्य तपासणी ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा येतात. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब या चार गोष्टी पाहतात आणि गरज असेल तर पुढच्या तपासणीची चिठ्ठी देतात. ही चिठ्ठी अनेकदा दप्तराच्या तळाशी सापडते. पथक येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी एवढंच विचारायचं: चिठ्ठी कोणाकोणाला मिळाली, आणि दवाखान्यात कोण जाऊन आलं? फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारा मुलगा ‘नक्कल करतो’ म्हणून ओरडा खात असेल आणि कार्डावर त्याच्या दृष्टीपुढे खूण असेल, तर चष्मा येण्याची वाट न पाहता आजच त्याला पुढच्या बाकावर घ्या. चष्म्याचा पाठपुरावा वेगळा चालू राहील.

वर्तनाच्या नोंदीत ‘काय केलं’ यापेक्षा ‘केव्हा आणि कुठे’ जास्त उपयोगी पडतं. मारामाऱ्यांची वेळ नुसती लिहीत जा. त्या बहुतेक जेवणाआधीच्या तासाला होत असतील तर सकाळी कोण उपाशी येतं ते पाहा. शाळा सुटल्यावर वाटेत होत असतील तर प्रश्न त्या वाटेवर आहे. एका विशिष्ट शिक्षकाच्याच तासाला होत असतील तर ती नोंदही खरीच, जरी ती स्टाफरूममध्ये वाचून दाखवता येत नसली तरी.

आणि पोषण आहार वाढणाऱ्या मावशी, शाळेच्या फाटकाशी गोळ्या-बिस्किटं विकणारी आजी, रिक्षावाले काका यांना मुलांचं जे दिसतं ते आपल्या कुठल्याही रजिस्टरात नसतं. मावशींना महिन्यातून एकदा सहज विचारावं, ‘कोण जेवत नाही हल्ली?’

५. विचारताना पहिलं वाक्य महत्त्वाचं

शाळेतून फोन आला की पालकांच्या पोटात गोळा येतो. म्हणून फोनची सुरुवात अशी: ‘ताई, मी शाळेतून बोलतेय. काळजीचं काही नाही. पोरगी हुशार आहे, वाचन छान करते. एक विचारायचं होतं, गुरुवारी तिला घरी थांबावं लागतं का?’ इथे ‘का पाठवत नाही’ हे शब्द आलेले नाहीत. आई बाजाराचं सांगेल. मग पुढचा प्रश्न: ‘आपण काही सोय करू शकतो का? तुम्हाला काय जमेल?’ उपाय आपण खिशात घालून नेला की पालक मान डोलावतात आणि पुढच्या गुरुवारी परत तेच होतं.

मुलाशी बोलायचं ते एकट्याशी, पण चारचौघांच्या नजरेसमोर, म्हणजे ओट्यावर किंवा झाडाखाली. दार लावलेल्या खोलीत नाही. ‘तू गुरुवारी का येत नाहीस?’ यापेक्षा ‘गुरुवारी सकाळी उठल्यापासून काय काय करतेस, सांग बरं’ असं विचारलं तर मूल मोकळेपणी बोलतं. दिवस कसा जातो हे कळलं की कारण आपोआप त्यात येतं.

गृहभेटीला जाताना माहितीपत्रक हातात धरू नये. वही बाहेर काढली की चहा येतो आणि खरं बोलणं थांबतं.

६. निर्णय छोटा आणि तारीख पक्की

इथपर्यंत पोचणारे बरेच असतात. पुढे मात्र ‘लक्ष ठेवावे’ असं लिहून विषय मिटवतात. लक्ष ठेवणं म्हणजे निर्णय घेणं नव्हे.

वहीत एका मुलासाठी चार ओळी पुरतात: काय दिसलं, काय कळलं, काय करायचं ठरलं आणि परत कधी पाहायचं. बाजाराच्या उदाहरणात त्या अशा होतील:

दिसलं: जुलै-ऑगस्टमधल्या आठपैकी सात खाडे गुरुवारचे.
कळलं: धाकट्याला सांभाळते (आईशी फोन).
ठरलं: गणिताचा नवा भाग गुरुवारी नाही; अंगणवाडीताईंशी शनिवारी बोलणं; शुक्रवारी परिपाठानंतर मैत्रिणीकडून दहा मिनिटं उजळणी.
परत पाहणे: ३० सप्टेंबर.

एका वेळी चार-पाच मुलांहून जास्त हाती घेऊ नका. चाळीस मुलांच्या चार-चार ओळी लिहायला बसलात तर ते आणखी एक रजिस्टर होईल. रेघेपलीकडची मुलं, दोन ठिकाणी पुरावा असलेली मुलं, आणि कसलाच त्रास न देणारं पण दोन महिन्यांत वर्गात एकदाही न बोललेलं एखादं मूल. एवढी यादी पुष्कळ झाली.

३० सप्टेंबरला गुरुवारचे खाडे महिन्याला तीन-चारवरून एकावर आलेले दिसले तर उपाय चालू ठेवा. तसेच असतील तर उपाय बदला, मुलीला दोष देऊ नका. आणि उपाय करूनही हजेरी वाढली नाही, पण अपूर्णांक यायला लागले, तर तेही पुष्कळ आहे. आपला निर्णय मुळात त्यासाठीच होता.

७. शेरा लिहू नका, दिसलं ते लिहा

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आलं तेव्हापासून वर्णनात्मक नोंदी आपल्या पाचवीला पुजल्या आहेत. निकालाचे दिवस जवळ आले की व्हॉट्सअॅपवर तयार नोंदींच्या पीडीएफ फिरू लागतात: ‘नियमित शाळेत येतो’, ‘वर्गात लक्ष देत नाही’, ‘मित्रांना मदत करते’. कागद भरायला त्या ठीक असतील, पण त्यांच्यावरून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काडीचाही निर्णय घेता येत नाही.

‘आळशी आहे’ ऐवजी ‘पहिल्या दोन तासांत पेंगतो, जेवणानंतर उत्साही असतो’. ‘भांडखोर’ ऐवजी ‘खेळात डाव हरल्यावर ढकलाढकली करतो, बसून खेळायच्या खेळात नाही’. ‘अबोल’ ऐवजी ‘घरची भाषा पावरी, मराठीत एका शब्दात उत्तर देते, चित्रावर बोलायला सांगितलं की बोलते’. दुसऱ्या प्रकारच्या प्रत्येक नोंदीत पुढे काय करायचं ते दडलेलं आहे. आता शासन जे समग्र प्रगती पत्रक आणतंय, त्यात मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचंही मत यायचं आहे. तेही असंच लिहिलं तर कामाचं, नाहीतर त्याचीही पीडीएफ येईल.

मला सगळ्यात धोकादायक वाटतो तो जात, व्यवसाय आणि वस्ती यांचा रकाना. शिष्यवृत्तीसाठी तो लागतो, कबूल. पण ‘त्या वस्तीतली मुलं आहेत, एवढंच जमणार’ हे वाक्य त्याच रकान्यातून जन्माला येतं. कसोटी सोपी आहे. नोंद वाचून आपण मुलासाठी काही जास्त करणार असू तर ती वापरावी. त्याच्याकडून अपेक्षा कमी करणार असू तर वही मिटावी.

८. कोणाला दाखवायचं

‘शिष्यवृत्तीची मुलं उभी राहा’ हे वर्गात अजूनही म्हटलं जातं. वजनाच्या यादीचा फोटो पालकांच्या ग्रुपवर जातो. कोणाचं वजन कमी, कोणाची फी बाकी, कोणाची आई सोडून गेली, हे सगळं चारचौघांत होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सर्वांना मूल मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व दिलं आहे. कायद्याचं राहू द्या, पण चौथीतल्या मुलालाही आपलं वजन भिंतीवर लागलेलं आवडत नाही.

चार ओळींची वही आपल्याच कपाटात ठेवा. विषयशिक्षकाला ‘ठरलं’ ही ओळ सांगा, ‘कळलं’ सांगण्याची बहुधा गरज नसते. ‘गुरुवारी नवीन भाग घेऊ नका’ एवढं त्याला पुरतं. शाळा व्यवस्थापन समितीत आकडे बोला, नावं नाही: ‘बाजाराच्या दिवशी नऊ मुलं येत नाहीत’. यातून समितीही कामाला लागते, आणि कोणाचं घर उघडं पडत नाही.

काही गोष्टींत मात्र ही सगळी रीत बाजूला ठेवायची. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर दुसरा पुरावा शोधत बसायचं नाही, मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, पालकसभेची वाट पाहायची नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, शाळेचं नाव खराब होईल ही सबब तिथे चालत नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलांना पाठ असावा, भिंतीवर तर असावाच. दिवाळीनंतर एखादी नववीतली मुलगी अचानक येईनाशी झाली आणि घरात लग्नाची कुजबुज असेल, तरी तसंच. त्या दिवशी वही नको, लगेच कळवणं हवं.

९. स्थलांतर: इथे नोंदच उपाय असते

बीड, जालना, पाथर्डी भागातल्या शिक्षकांना हे सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी मुकादमाची गाडी येते आणि वर्गातली बाकं रिकामी होतात, ती पार उन्हाळ्यापर्यंत. हजेरीपटावर हा नुसता सलग खाडा दिसतो. पण मागच्या दोन वर्षांचे हजेरीपट काढले तर कोण, कोणत्या आठवड्यात गेलं आणि कधी परतलं हे आधीच कळतं. म्हणजे निर्णय सप्टेंबरमध्ये घेता येतो, मूल गेल्यावर नाही.

त्या यादीतल्या घरी तेव्हाच जायचं. आजी-आजोबांकडे मूल ठेवता येईल का, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जाईल का, हे विचारायचं. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाने नव्या शाळेत दाखवायचं कार्ड) भरून हातात द्यायचं आणि त्यावर नुसती इयत्ता न लिहिता मूल कुठवर आलंय ते लिहायचं: ‘दोन अंकी वजाबाकी येते, हातच्याची अजून नाही.’ फडाजवळच्या शाळेत दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे पालकांना त्यांच्या शब्दांत समजावून सांगायचं. आणि पालकांचा खरा चालू नंबर घ्यायचा, मुकादमाचा नाही.

मूल परत आलं की त्याच्या वर्गात बसवण्याआधी ते कार्ड मागा. कोरं आलं तरी पहिल्या आठवड्यात चाचणी घेऊ नका. फडावर त्याने काय काय केलं ते विचारा. उसाच्या मोळ्या, गाडीचे फेरे, टनाचा भाव हे सगळं त्याला तोंडी येत असतं, आणि गुणाकार तिथूनच पुढे नेता येतो.

१०. वर्षाच्या शेवटी वहीचं काय करायचं

एप्रिलमध्ये पाने चाळा. जे प्रश्न सुटले त्यांची पाने फाडून टाका. वडिलांच्या भांडणाची दोन वर्षांपूर्वीची नोंद मुलामागे दहावीपर्यंत फिरत राहू नये. पुढच्या वर्गशिक्षकाला द्यायचं ते एवढंच: उपयोगी पडलेला उपाय, चालू असलेला आरोग्याचा पाठपुरावा, आणि स्थलांतराचा आठवडा. कागदापेक्षा हे समोर बसून तोंडी दिलेलं बरं. बदल्यांच्या हंगामात ते जमलं नाही तर अर्ध्या पानाची चिठ्ठी बंद पाकिटात, नव्या वर्गशिक्षकाच्या नावाने, मुख्याध्यापकांकडे.